७०७५ला आर्गन मारण्याआधी

दिवाळी सरली की भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं यायला लागतात. बाहा किंवा फॉर्म्युला स्पर्धेची गाडी बांधत असतात, जानेवारी तोंडावर आलेला असतो आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सीएनसीवर काढलेला चकचकीत भाग असतो. "काका, एवढं आर्गन मारून द्या ना. सेव्हन-झिरो-सेव्हन-फाइव्ह आहे, एकदम स्ट्राँग." ७०७५ म्हणजे ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू आणि आर्गन मारणं म्हणजे टिग वेल्डिंगने जोडणं. ते स्ट्राँग आहे म्हणूनच आर्गन मारून देता येत नाही, हे समजावण्यात माझा दर वेळी अर्धा तास जातो. मग चहा येतो आणि आणखी अर्धा तास जातो. हा लेख म्हणजे तो तासभर, चहा वजा करून.

लोखंडावर हात बसलेला वेल्डर असो की नुकताच डिझाइनला लागलेला डिप्लोमावाला, पहिला प्रश्न मशीनचाच येतो: टिग घेऊ, मिग घेऊ, की हल्ली ते हातात धरायचं लेझर आलंय ते घेऊ? (टिगमध्ये ठिणगी टंगस्टनच्या काडीतून निघते, मिगमध्ये आपोआप सरकणाऱ्या वायरमधून.) खरं तर हा चौथा प्रश्न आहे. आधीचे तीन चुकले तर मशीन कितीही भारी असलं तरी जोड भंगारातच जातो.

पायरी १: नाव विचारा, आडनावही विचारा

ॲल्युमिनियमचा नंबर म्हणजे नाव आणि त्याच्यापुढचं टी-६, टी-३, एच-११६ हे आडनाव. नाव सांगतं आत काय मिसळलंय, आडनाव सांगतं त्याच्यावर पुढे काय संस्कार झालेत, म्हणजे भट्टीत तापवलाय की थंड लाटलाय. नुसतं "एरोस्पेस ग्रेड आहे" हे ना नाव, ना आडनाव.

कामात भेटणारी मंडळी मोजकी आहेत. ६०६१ आणि ६०८२ मॅग्नेशियम-सिलिकॉनवाले. पाइप, सेक्शन, फ्रेम बहुतेक यांचेच. ५०८३ मॅग्नेशियमवाला; बोटी, टाक्या, टँकर. २०२४ तांब्याचा, विमानाच्या पत्र्याचा. ७०७५ झिंक, मॅग्नेशियम आणि वर तांबं. ताणातली ताकद ५७० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे ६०६१-टी६च्या ३१०च्या जवळपास दुप्पट.

यातले २०२४ आणि ७०७५ आर्कने, म्हणजे टिग-मिगच्या विजेच्या ठिणगीने, जोडू नका. कारण एकदा नीट समजलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं. ७०७५ साधारण ६३५ अंश सेल्सिअसला गोठायला लागतो आणि पूर्ण गोठायला त्याला ४७७पर्यंत खाली यावं लागतं. दीडशेहून जास्त अंशांच्या या उतारावर धातूचे कण खेटून उभे असतात, पण मध्ये द्रवाचा पातळ पापुद्रा असतो. गर्दीच्या पीएमटी बससारखं: माणसं चिकटून उभी, पण कुणी कुणाला धरलेलं नाही. गोठताना धातू आक्रसतो, म्हणजे ब्रेक लागतो, आणि फट पडते. ६०६१चा हाच उतार ६५२ ते ५८२, म्हणजे सत्तर अंशांचा. तोही तडकतो, पण योग्य फिलर (जोडात वितळवून भरायची तार) घातला तर सावरतो. ७०७५ला बाजारात मिळणारा नेहमीचा कुठलाच फिलर सावरत नाही. बीड, म्हणजे जोडाची गोठलेली रेघ, दिसायला वाचलंच, तरी शेजारच्या पट्ट्यात बारीक तडे राहतात आणि पुढे ओलसर हवेत, ताणाखाली ते वाढतात.

आकड्यावरून कुटुंब ओळखायला जाल तर मात्र फसाल. ७०२० आणि ७००५ याच झिंकच्या घरातले, पण त्यांच्यात तांबं जवळजवळ नाही, म्हणून ते छान जोडले जातात. २२१९मध्ये तर सहा टक्क्यांच्या वर तांबं आहे, तरी तो मुद्दाम वेल्डिंगसाठी घडवलेला. इस्रोच्या क्रायोजेनिक टाक्या त्याच्याच.

आता माझं पाप. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून ६०६१ म्हणून पट्ट्या आल्या. टोकाचा रंग बरोबर, बिलावर नंबर बरोबर, सर्टिफिकेट "उद्या पाठवतो". आम्ही चाळीसेक ब्रॅकेट जोडले. प्रत्येक बीड थंड होता होता मधोमध केसासारखी रेघ. दोन दिवस वेल्डरला बोलणी, मशीनला शिव्या, गॅसचा सिलिंडर बदलून झाला. तिसऱ्या दिवशी स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती मिसळलंय ते सांगणारी) केली तेव्हा झिंक साडेपाच टक्के. सगळं ७०७५ होतं. ६०६१मध्ये झिंक पाव टक्क्याच्या वर असायलाच नको. तेव्हापासून टेस्ट सर्टिफिकेट हातात नसेल तर आधी तुकडा लॅबला जातो. घाईत असाल तर निदान कडकपणा तपासा: ६०६१-टी६ ब्रिनेलवर ९५च्या आसपास, ७०७५-टी६ दीडशेच्या.

पायरी २: जोडल्यावर काय उरतं ते आधी मोजा

सर्टिफिकेटवर छापलेली ताकद जोडाला मिळत नाही. डिझाइनला बसणाऱ्या नव्या पोरांनी ही ओळ टेबलावर चिकटवून ठेवावी.

६०६१-टी६ला बळ येतं ते आत पसरलेल्या मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. कारखान्यात धातू तापवून, पाण्यात विझवून, मग १६०-१७५ अंशांच्या भट्टीत तासन्‌तास ठेवून ते कण नेमक्या मापाचे वाढवलेले असतात. वेल्डिंगची उष्णता शेजारच्या पट्ट्यातले हेच कण फुगवते किंवा विरघळवून टाकते. या पट्ट्याला शॉपवर हॅझ म्हणतात. आपला जोड बीडमध्ये तुटत नाही, हॅझमध्ये तुटतो, आणि मग लोक आनंदाने सांगतात, "वेल्ड बघा, धातूपेक्षा मजबूत!" अहो, शेजारचा धातू तुम्हीच मऊ केलात.

आकडे बघा. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगच्या अमेरिकन डी-१.२ संहितेत ६०६१-टी६चा जोड तपासताना किमान १६५ मेगापास्कल मागतात. तीनशे दहावरून एकशे पासष्ट. युरोपची ॲल्युमिनियमच्या बांधकामाची संहिता ६०८२-टी६साठी यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) अडीचशेवरून सव्वाशेवर आणते आणि हा मऊ पट्टा किती रुंद धरायचा तेही सांगते: ६ मिमीपर्यंतच्या जाडीला मिगने जोडाच्या प्रत्येक बाजूला २० मिमी, टिगने ३०.

याउलट ५०८३ला भट्टीचं बळ नसतंच. त्याची ताकद विरघळलेल्या मॅग्नेशियमची आणि थोडी थंड लाटण्याची. वेल्डिंगने फक्त लाटण्याची जाते. त्याच डी-१.२मध्ये ५०८३च्या जोडाला किमान २७५ लागतात. म्हणजे कच्च्या मालाच्या यादीत जवळजवळ बरोबरीचे दिसणारे दोघं जोडल्यावर १६५ आणि २७५ होतात. प्लेटचं काम असेल, सेक्शनचं नसेल, आणि ६०६१चा हट्ट फक्त सवयीचा असेल, तर इथेच थांबून धातू बदला. मशीन बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

बदलता येत नसेल तर जोडाची जागा बदला. सर्वांत जास्त ताण जिथे येतो तिथून बीड हलवा, किंवा जोडाजवळ जाडी वाढवा. वेल्डिंगनंतर पूर्ण उष्मोपचार करून ताकद परत आणता येते, पण त्यासाठी अख्खा भाग ५३० अंशांवर नेऊन पाण्यात विझवावा लागतो, आणि वेल्ड केलेली फ्रेम त्या आंघोळीतून सरळ बाहेर येत नाही.

पायरी ३: ओल

ही पायरी मी पुण्याच्या हवेकडे बघून लिहितोय. मार्च-एप्रिलमध्ये जो वेल्डर आरशासारखं काम करतो, त्याच्याच बीडमध्ये आषाढात पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी छिद्रं, निघतात आणि तो बिचारा स्वतःच्या हाताला दोष देतो.

वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरभरून पितं. गोठताना त्याची पिण्याची कुवत सुमारे वीस पटींनी घटते. जास्तीचा हायड्रोजन बुडबुडे होऊन आत अडकतो. तो येतो पाण्यातून, तेलातून, कटिंग ऑइलातून आणि हाताच्या घामातून. शिवाय ॲल्युमिनियमवर कायम असणारा ऑक्साइडचा थर स्पंजासारखी ओल धरून ठेवतो. तो थर वितळायला दोन हजार अंशांच्या वर लागतात आणि खालचा धातू ६६०ला पाणी होतो, हा त्रास वेगळाच.

आधी ॲसिटोन, मग ब्रश. क्रम उलटा केलात तर ब्रशने तेल धातूत चोळून बसवाल. ब्रश स्टेनलेसचा, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला. आमच्याकडे दांड्याला निळी टेप लावलेली असते आणि निळ्या टेपचा ब्रश लोखंडावर दिसला की त्या दिवशी चहाचं बिल त्या माणसाचं. कडा ग्राइंडिंग व्हीलने घासू नका, व्हीलमधलं रेझिन आत रुतून बसतं. फाइल किंवा कार्बाइड कटर वापरा. साफ केलेला भाग त्याच पाळीत जोडा. पावसाळ्यात माल बाहेरच्या शेडमधून आणला की लगेच आर्क पेटवू नका, आदल्या दिवशी आत आणून ठेवा. मिगची वायर रात्री मशीनवर उघडी सोडू नका. पिशवीत, सिलिका जेलसकट, झाकून. सकाळी पहिला जोड मारण्याआधी होजमधून थोडा गॅस नुसता सोडा, रात्रभरात नळीत ओल शिरलेली असते.

कार-गॅरेजमधला ब्रेक क्लीनर ॲसिटोनच्या जागी वापरू नका. क्लोरिनवालं द्रावण आर्कजवळ आलं की फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. यात विनोद नाही.

ओल घालवायला लोक टॉर्चने प्रीहीट करतात. साठ-सत्तर अंश पुरतात. उष्मोपचार केलेल्या ग्रेडला १२०च्या वर जाऊ नका, नाहीतर हॅझ आणखी रुंद होईल.

पायरी ४: आता मशीन

टिग, म्हणजे आपलं आर्गन वेल्डिंग. ॲल्युमिनियमला एसी करंट लागतो: एका अर्ध्या फेऱ्यात ऑक्साइड उडतो, दुसऱ्यात धातू वितळतो. नव्या इन्व्हर्टर मशीनवर बॅलन्स (या दोन अर्ध्या फेऱ्यांची वाटणी) ७० टक्के निगेटिव्हच्या आसपास आणि फ्रिक्वेन्सी शंभरेक हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. करंटचा ढोबळ हिशोब जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ४० अँपिअर. टंगस्टन सोनेरी किंवा निळ्या टोकाचं, गॅस शुद्ध आर्गन, मिनिटाला आठ ते बारा लिटर. शेवटी करंट झटकन तोडू नका. हळूहळू उतरवा आणि खड्डा फिलरने भरून घ्या, नाहीतर टोकाला चांदणीसारखा तडा दिसेल.

टिगचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत आहे. नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारखं बीड दिसतं आणि लोक मोबाइलवर फोटो टाकतात. पण टिग सावकाश चालतं, सावकाश म्हणजे जास्त उष्णता, आणि जास्त उष्णता म्हणजे रुंद हॅझ. वरचे वीस आणि तीस मिलिमीटर आठवा. पातळ पत्रा, अवघड कोपरा, दुरुस्ती आणि शिकणं यांना टिगच. तीन-चार मिमीच्या वर लांब जोड असतील तर मिग वेगाने निघून जातं आणि धातूला कमी भाजतं.

मिगमध्ये लोखंडाच्या सवयी सोडाव्या लागतात. सीओटूचा सिलिंडर बाजूला, इथेही शुद्ध आर्गन. वायर मऊ असते, म्हणून रोलर यू खाचेचे, लायनर टेफ्लॉनचा, केबल लांब असेल तर वायर टॉर्चकडूनही ओढणारी पुश-पुल टॉर्च किंवा वायरचं रीळ टॉर्चवरच असलेली स्पूल गन. नाहीतर फीडरमध्ये वायरचं घरटं होतं आणि ते सोडवताना अर्धा तास जातो. टॉर्च ढकलत न्या, ओढत नाही. ओढलीत तर बीड काजळतं. सुरुवातीचा सेंटिमीटर थंड राहून धातू नीट मिसळत नाही, म्हणून जोडाच्या अलीकडे त्याच धातूचा तुकडा लावून तिथून सुरुवात करा. पल्स मिग (करंट ठोक्याठोक्याने देणारं) परवडत असेल तर घ्या, पातळ मालावर फरक दिसतो. शिवाय चकाकत्या धातूवरून प्रकाश उलटा येतो आणि ओझोनही बराच होतो; गळा आणि हनुवटीखालची बाजू झाका, पंखा आडवा न लावता धूर ओढणारा लावा.

आता खरी गंमत: फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत हे निघालं. इथे धातू वितळतच नाही. खांदा आणि पिन असलेलं कडक स्टीलचं टूल फिरत फिरत दोन प्लेटींच्या सांध्यात घुसतं, घर्षणाने धातू चारशे-पाचशे अंशांवर लोण्यासारखा मऊ होतो, आणि टूल पुढे सरकताना दोन्ही बाजूंचा धातू एकमेकांत घुसळून मागे ठेवतं. वितळणं नाही म्हणजे गोठणं नाही, आणि गोठणं नाही म्हणजे पीएमटीतली ती फटही नाही. म्हणून ७०७५ आणि २०२४सुद्धा याने जोडले जातात. ना फिलर, ना गॅस, ना आर्क. हॅझ इथेही असतो, पण सौम्य. अंतराळयानांच्या टाक्या आणि जपानी रेल्वेचे डबे याने जोडलेत. आपल्या पुणे मेट्रोचे डबेही ॲल्युमिनियमचेच आहेत. असे मीटर-मीटर लांब सरळ सांधे ही या पद्धतीची हक्काची जागा.

अडचण अशी की सांधा सरळ हवा, खाली भक्कम आधार हवा आणि भाग असा जखडलेला हवा की हलणार नाही. कॉलेजांत जुन्या व्हर्टिकल मिलिंगवर प्रयोग होतात, आणि शिकायला ते उत्तमच. ६ मिमीच्या ६०६१साठी एच-१३ स्टीलचं टूल, खांद्याचा व्यास जाडीच्या सुमारे तिप्पट, पिन जाडीपेक्षा जराशी आखूड, दोन-तीन अंशांचा कल, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे आणि ५० ते १०० मिमी वेग, इथून सुरू करा. पण खाली दाबणारं बळ पाच-दहा हजार न्यूटनांचं असतं, म्हणजे अर्धा ते एक टन. मिलिंगच्या स्पिंडलची बेअरिंगं त्यासाठी बनलेली नसतात. वर्कशॉपचे सर का ओरडतात ते आता कळलं असेल. टूल वर काढताना शेवटी भोक राहतं, ते वाया जाणाऱ्या तुकड्यात येईल असं बघा. आणि पिन फारच आखूड असेल तर तळाशी दोन प्लेटी नुसत्या चिकटून बसतात. वरून सांधा देखणा, आतून न जोडलेला. हा दोष एक्स-रेमध्येही सहज दिसत नाही.

लेझर वेगवान आहे आणि सर्वांत कमी भाजतं. पण घन ॲल्युमिनियम त्याचा बहुतेक प्रकाश परत फेकतं, आणि एकदा वितळलं की अचानक पिऊ लागतं. या उडीमुळे काम बिनसतं. झिंक ९०७ अंशांना उकळतं, म्हणून ७०००च्या घरात बुडबुडे आणि शिंतोडे. कडांमधली फट जाडीच्या दहाव्या हिश्शात राहिली पाहिजे, म्हणजे भाग जखडून धरणाऱ्या फिक्स्चरचा खर्च धरा. हातातली लेझर मशीनं पातळ पत्र्यावर छान चालतात, पण साधा वेल्डिंग मास्क लावून ती चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. परत फिरलेला किरण डोळा कायमचा घालवतो. त्याच तरंगलांबीचा चष्मा आणि बंद खोली, याशिवाय हात लावू नका.

स्पॉट वेल्डिंगला स्टीलच्या दुप्पट-तिप्पट करंट लागतो आणि तांब्याची टोकं लवकर खराब होतात. म्हणूनच २००३च्या ॲल्युमिनियम बॉडीच्या जॅग्वार एक्सजेने वेल्ड जवळजवळ टाळून रिव्हेट आणि चिकटद्रव्य वापरलं. न जोडणं हाही पर्याय आहे. पोरांच्या त्या ७०७५च्या भागाला माझं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: बोल्ट लावा.

पायरी ५: फिलर

दोनच मुख्य. ४०४३मध्ये पाच टक्के सिलिकॉन; वाहता, तडे भरणारा, शिकाऊ हाताला माफ करणारा. ५३५६मध्ये पाच टक्के मॅग्नेशियम. जास्त ताकदवान, जास्त लवचिक. भाग पुढे ॲनोडाइज होणार असेल (वर विजेने ऑक्साइडचा जाड थर चढवणार असाल) तर ५३५६; ४०४३चं बीड काळपट राखाडी पडतं आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत राहतं. सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला मात्र ५३५६ नको. ५०८३ला ५१८३ किंवा ५३५६; ४०४३ नाही, सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिळून ठिसूळपणा येतो. २२१९ला २३१९. आणि ६०६१ला फिलर न घालता नुसतं वितळवून जोडू नका, मग तो पत्रा कितीही पातळ असो.

७०७५ची दारं कायमची बंद आहेत असं मात्र नाही. २०१९मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी टायटॅनियम कार्बाइडचे नॅनोकण मिसळलेली ७०७५चीच फिलर वायर बनवली आणि टिगने जोडून, उष्मोपचाराशिवाय, ३९२ मेगापास्कल मिळवले. ते सूक्ष्म कण गोठण्याची रीतच बदलतात. पेठेतल्या दुकानात ती वायर मागायला जाऊ नका.

पायरी ६: कुपन

खऱ्या जॉबवर पहिला जोड मारायचा नाही. त्याच मालाचे, त्याच जाडीचे दोन तुकडे जोडा (हेच कुपन), मधून कापा, घासून गुळगुळीत करा आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात क्षणभर बुडवून धुवा. हातमोजे आणि चष्मा घालून. जोडाचा आकार, मुळापर्यंत गेलंय की नाही, पिनहोल किती, सगळं दिसतं. डीपी टेस्टने (रंगीत द्रव तड्यात मुरवून बघायची) वरचे तडे कळतील. वाकवून बघताना लोखंडाच्या जोडांसाठीचा साचा वापरू नका. हॅझ मऊ असल्यामुळे सगळा वाक तिथेच गोळा होतो आणि चांगला जोडही तुटतो. मोठ्या त्रिज्येवर गुंडाळून वाकवा. लॅबला पाठवणार असाल तर ताणाच्या चाचणीबरोबर बीडपासून बाहेर दर दोन मिलिमीटरवर कडकपणाही मागा. ६०६१मध्ये १०५च्या आसपासचा विकर्स आकडा साठ-पासष्टपर्यंत उतरून पुन्हा चढताना दिसेल. त्या दरीची रुंदी म्हणजे तुमच्या पद्धतीचा खरा निकाल. टिग आणि मिगची कुपनं शेजारी ठेवून एकदा मोजाच.

७०२०चं कुपन मात्र लगेच तोडू नका. हा धातू वेल्डिंगनंतर साध्या हवेत, भट्टीशिवाय, हळूहळू स्वतःच ताकद भरून काढतो. निदान महिनाभर थांबा. आमची असली कुपनं कंप्रेसरवरच्या फळीवर असतात, मार्करने तारीख घालून. दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईत कुणीतरी ती भंगारात टाकतं आणि आम्ही पुन्हा महिनाभर थांबतो.